स्नायूक्षयाचं मोजमाप: एका पुराव्याची तपासणी



तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईंनी एमआरआयवर काय बोलायचं, असा प्रश्न बाहेरची पाटी वाचून काहींना पडला असेल. मी डॉक्टर आहे ती फक्त पीएच.डी.ची, तेव्हा व्याख्यान संपल्यावर कृपा करून कोणी रिपोर्ट घेऊन येऊ नये. पण आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि तर्कशास्त्राचा धंदा एकच. अमुक दिसतंय म्हणून तमुक आहे, असं कोणी म्हटलं की मधला तो 'म्हणून' तपासायचा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या बाबतीत हा 'म्हणून' आता एमआरआयच्या चित्रावर उभा राहतो आहे. औषध लागू पडतंय का, हे चित्रावरून पाहिलं जातं. ज्यांच्या गुणाची खात्री नाही असे उपचारसुद्धा चित्र दाखवूनच पटवले जातात. आणि आपल्या या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ज्या घरात असा मुलगा आहे, तिथला प्रश्न अगदी साधा असतो: दर वर्षी पायांचा एमआरआय काढायचा का? त्या प्रश्नाला धरून बोलते.

आजाराबद्दल थोडं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका आजाराचं नाव नाही, ते आडनाव आहे. त्या आडनावाचे पुष्कळ आजार आहेत. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो ड्युशेन. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो, म्हणून डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही. हे जनुक आणि प्रथिन १९८६-८७ साली सापडलं. डिस्ट्रॉफिन स्नायूपेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवतं. ते नसलं की स्नायू वापरताना आवरणाला इजा होत राहते. पेशी दुरुस्त होते, पुन्हा फाटते, पुन्हा दुरुस्त होते. कधीतरी ही दुरुस्ती थकते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरत जातात. उपचार नसतील तर दहा-बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं सुटतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते काही वर्षं पुढे ढकलता येतं. पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय. एक गोष्ट मुद्दाम सांगते. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईकडून आलेला नसतो. आणि आईकडून आला तरी त्यात तिचा काय दोष? पण आपल्याकडे सुनेला बोल लावायला फारसं कारण लागत नाही, म्हणून म्हटलं.

आता 'दिसणं' या शब्दाकडे येऊ. या आजारात डोळा पहिल्यापासून फसत आलेला आहे. मुलाच्या पोटऱ्या चांगल्या भरदार दिसतात. घरात कौतुक होतं, पोरगा पैलवान होणार. आणि तोच मुलगा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावरून चढल्यासारखा उभा राहतो. विल्यम गॉवर्स यांनी या उठण्याचं वर्णन १८७९ साली केलं, त्यांचंच नाव त्या खुणेला आहे. पण ती खूण गॉवर्सच्या आधी आयांनी पाहिलेली असणार. त्याआधी फ्रान्समध्ये गिऑम ड्युशेन यांनी या आजाराचा बारकाईने अभ्यास केला आणि १८६८ मध्ये तो सविस्तर मांडला. भरदार दिसणारा पण बळ नसलेला स्नायू हा त्यांच्या वर्णनाचा गाभा. आत काय आहे ते जिवंत माणसात पाहता यावं म्हणून त्यांनी एक खास सुई बनवली आणि स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. आजच्या एमआरआयची आज्जी म्हणा हवं तर.

डोळ्यानेही बरंच कळतं, हेही सांगायला हवं. लखनऊच्या संजय गांधी संस्थेतले डॉ. सुनील प्रधान यांनी १९९०च्या दशकात ड्युशेनच्या मुलांमधली 'दरीची खूण' दाखवून दिली. मुलाला हात विशिष्ट पद्धतीने वर करायला सांगायचं आणि पाठीमागून बघायचं. खांद्याजवळचे दोन स्नायू फुगीर आणि त्यांच्यामध्ये खोलगट दरी. खर्च शून्य. आपल्या देशात शोध लावायचा तर असा लावावा, हे माझं मत आहे. पण या खुणा आजार आहे की नाही ते सांगतात. गेल्या वर्षीपेक्षा यंदा किती वाढला, हे त्यांना विचारून उपयोग नाही. तिथे एमआरआय येतो.

एमआरआय म्हणजे लोहचुंबक, क्ष-किरण नव्हेत. आपल्या शरीरात हायड्रोजन सगळीकडे आहे, पाण्यात आणि चरबीतही. जोरदार चुंबकीय क्षेत्रात या हायड्रोजनची केंद्रकं ठरावीक वारंवारितेने भोवऱ्यासारखी डोलतात आणि रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. पाण्यातल्या हायड्रोजनची चाल आणि चरबीतल्या हायड्रोजनची चाल यांत अगदी किंचित फरक असतो. दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांचा. दोन तबलजी जवळजवळ एकाच लयीत वाजवतायत, पण एक केसभर मागे. कधी दोघांची सम एकत्र पडते, कधी एकाची सम दुसऱ्याच्या खालीवर येते. डिक्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की हे दोन्ही क्षण टिपले तर बेरीज-वजाबाकी करून पाणी वेगळं आणि चरबी वेगळी मोजता येते. स्नायू म्हणजे बहुतांशी पाणी. तेव्हा मांडीच्या एका स्नायूत शंभरातले किती भाग चरबी झाली, हा आकडा मिळतो. याला चरबीचं प्रमाण म्हणू. निरोगी मुलात ते अगदी थोडं असतं, या मुलांत ते वर्षागणिक चढत जातं. सगळे स्नायू सारखे जात नाहीत, हेही चित्रात स्वच्छ दिसतं. कुल्ह्याचे आणि मांडीचे मोठे स्नायू लवकर जातात. मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस नावाचा सडपातळ स्नायू पुष्कळ काळ टिकून असतो. पांढऱ्या झालेल्या मांडीत तो एकटा काळा ठिपका. पाहिलं की गलबलून येतं, पण ते असो.

याने काय साधलं? मोठी गोष्ट साधली. आधी औषधाच्या चाचण्यांत मुलाला सहा मिनिटं चालायला लावायचे आणि अंतर मोजायचे. आता सात वर्षांच्या मुलाला सांगा, बाळा सहा मिनिटं सरळ चाल. त्याचा मूड, झोप, समोरचे काका आवडले की नाही, सगळं त्या अंतरात मिसळतं. त्याहून गंभीर अडचण अशी, की लहान मुलगा वाढत असतो. उंची वाढते, पाऊल लांब पडतं, म्हणून सहाव्या वर्षी तो पाचव्या वर्षापेक्षा जास्त चालतो. चाचणी म्हणते सुधारला. अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१०पासून शंभरावर मुलांचे पाय वर्षानुवर्षं स्कॅन केले गेले. त्यात दिसलं, की चालण्याचं अंतर तेवढंच राहिलेल्या किंवा वाढलेल्या मुलांच्या स्नायूंतही चरबी वाढतच होती. वाढ आणि ऱ्हास एकाच पायात एकाच वेळी चाललेले, आणि अंतर मोजणाऱ्या फितीला ते कळत नव्हतं. शिवाय चालणं सुटलं की ती फीत संपलीच. चित्र मात्र दंडाचंही काढता येतं.

इथे मला न्यायशास्त्राची आठवण होते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान उभं राहतं 'जिथे धूर तिथे आग' या व्याप्तीवर, आणि व्याप्ती कळते ती भूयोदर्शनाने, म्हणजे पुनःपुन्हा पाहून, आणि उलटा दाखला कुठे सापडत नाही ना याची खात्री करून. एमआरआयवाल्यांनी हे काम खरोखर केलं आहे. नेदरलंड्समधल्या लायडनच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जो मोठा स्नायू आहे, व्हास्टस लॅटरॅलिस, त्यातल्या चरबीच्या प्रमाणावरून मुलाचं चालणं कधी सुटेल याचा अंदाज वर्तवता येतो. तेव्हा 'चरबी वाढली, म्हणून शक्ती जाणार' हा 'म्हणून' चांगला पक्का आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार सुरू होते ती हेच वाक्य उलटं वाचलं जातं तेव्हा. जिथे धूर तिथे आग, हे बरोबर. जिथे आग तिथे धूर, हे चूक. नैयायिकांचं उदाहरण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं आहे. आग आहे, धूर नाही. धूर यायला इंधन ओलं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. तसंच इथे. चरबी वाढली की शक्ती जाते, म्हणून चरबी थांबली की शक्ती राहिली, चरबी घटली की शक्ती परत आली, असं आपोआप होत नाही. मधल्या अटी तपासाव्या लागतात. उरलेला स्नायू आखडलेला तर नाही ना? कारण ते चिवट तंतू नेहमीच्या एमआरआयमध्ये नीट मोजता येत नाहीत. दुसऱ्या वर्षीचा काप मांडीच्या त्याच उंचीवर घेतला होता ना? एकाच स्नायूच्या टोकांशी चरबी जास्त असते आणि मध्यभागी कमी, म्हणजे काप जरासा सरकला तरी आकडा सुधारल्यासारखा दिसेल. स्टेरॉइड सुरू झालं का? त्याने स्नायूतली सूज उतरते आणि एमआरआयचं टी-टू नावाचं दुसरं एक मापच बदलतं. वाईट होण्याची जी खूण आहे तीच उलटी धरून बरं होण्याची खूण म्हणून वापरायची असेल, तर तिची व्याप्ती नव्याने सिद्ध करा. पहिल्या व्याप्तीचं सर्टिफिकेट दुसरीला चालणार नाही.

हा उलटा 'म्हणून' किती महाग पडू शकतो याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे, एमआरआयचं नव्हे पण त्याच जातीचं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एटेप्लर्सेन या औषधाला सवलतीच्या मार्गाने मान्यता दिली. मुख्य अभ्यास १२ मुलांचा. आधार हा, की औषधाने स्नायूत थोडं डिस्ट्रॉफिन तयार होतं. किती, तर साडेतीन वर्षांच्या औषधानंतर निरोगी स्नायूच्या सरासरी ०.९३ टक्के. डिस्ट्रॉफिन नाही म्हणून आजार आहे, हे सोळा आणे खरं. पण म्हणून एक टक्का डिस्ट्रॉफिनने फरक पडतो का? त्यांच्याच तपासनिसांमध्ये यावरून उघड वाद झाला. मान्यता मात्र मिळाली.

आता आपल्या दाराशी. २०१३ साली मुंबईतल्या एका गटाने 'सेल ट्रान्सप्लांटेशन' या नियतकालिकात मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या १५० रुग्णांचा अभ्यास छापला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून त्यालाच द्यायच्या, असा उपचार. सुमारे वर्षभराने ८६ टक्क्यांहून जास्त जणांत लक्षणं किंवा हालचाल सुधारल्याचं त्यांनी नोंदवलं. आणि सहा जणांच्या एमआरआयमध्ये चरबी कमी झाल्याच्या, स्नायू पुन्हा तयार झाल्याच्या खुणा दिसल्या, असंही. निबंध छापलेला आहे, आकडे उघड आहेत, तेव्हा त्यावर बोलायला हरकत नाही.

सहा. हा आकडा वाचताना मी थांबते. किती जणांचे एमआरआय आधी आणि नंतर असे दोन्ही झाले, त्यांतले सहा? की दीडशेतले सहा? उरलेल्यांच्या चित्रात काय होतं? पेशी न दिलेल्या पण तेवढाच व्यायाम आणि तेवढंच लक्ष मिळालेल्या रुग्णांमध्ये वर्षाने अशी चित्रं दिसली असती की नाही? हा तुलनेचा गटच त्या अभ्यासात नव्हता. आणि आजार एका जातीचे नव्हते. काही प्रकार भरभर जातात, काही इतके हळू की वर्षभरात न बदलणं हेच त्यांचं नेहमीचं वागणं.

कोलशेतमध्ये हे समजावून सांगायला मला कष्ट पडू नयेत. आज जिथे चाळीस मजली इमारती उभ्या आहेत, तिथे सँडोझसारखे रसायनांचे कारखाने होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळांत आयुष्य घालवलेली मंडळी आजही इथल्या सोसायट्यांत राहतात. समोरही काही बसली असतील. त्यांना विचारा, नमुना तपासताना 'ब्लँक' का लावतात? नमुना न घालता बाकी सगळं तेच करायचं, आणि त्यातही रंग आला तर तो रंग नमुन्याचा नाही. रंगाच्या डब्यासाठी जी शिस्त आपण पाळतो, ती पोटच्या मुलाच्या पाठीत सुई घालताना मागायची नाही का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हेच सांगितलं. रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत व्हायला हवा. पैसे घेऊन उपचार म्हणून देणं हे गैरवर्तन.

मी उपचार देणाऱ्यांच्या हेतूबद्दल बोलत नाही, आणि जाणाऱ्या पालकांना तर अजिबात बोल लावत नाही. जमीन विकून गेलेली माणसं आहेत. मला त्रास होतो तो चित्राच्या अधिकाराचा. शब्दांत कोणी सांगितलं, की तुमचा मुलगा सुधारेल, तर बाप चार प्रश्न विचारतो. दोन फिल्म शेजारी-शेजारी लावून दाखवल्या, की तो गप्प होतो. प्रत्यक्षाला प्रमाण कशाला, अशी आपली समजूत. पण ही फिल्म प्रत्यक्ष नाहीच. ती यंत्राने केलेलं अनुमान आहे, वर डॉक्टरांनी केलेलं दुसरं अनुमान आहे, आणि मुलाचं भविष्य हे तिसरं.

काळजीपूर्वक वापर कसा असतो तेही पाहू, नाहीतर माझी टीका एकतर्फी होईल. गिविनोस्टॅट हे पिण्याचं औषध. चाचणीत सहा वर्षांवरची १७९ चालती मुलं, सगळी स्टेरॉइडवर. काहींना औषध, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य. मुख्य मोजमाप काय ठेवलं? चार पायऱ्या चढायला लागणारा वेळ. म्हणजे निकाल मुलाच्या पायांवर सोडला. एमआरआयचं काम फक्त निवडीचं: ज्यांच्या त्या बाहेरच्या मांडीच्या स्नायूत चरबी पाच ते तीस टक्क्यांच्या मध्ये आहे, त्यांच्यावर मुख्य हिशेब. दीड वर्षाने औषध घेणाऱ्यांचा वेळ सरासरी १.२५ सेकंदांनी वाढला, न घेणाऱ्यांचा ३.०३ सेकंदांनी. मार्च २०२४ मध्ये तिकडे मान्यता मिळाली. बरं झालं असं कोणी म्हणत नाही. कमी बिघडलं, असं म्हणतायत, आणि तेवढंच म्हणायला पुरावा आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

तरी तिथेही एक काटा आहे. पाच ते तीस हा पट्टा संशोधनासाठी योग्यच आहे, कारण त्याच पट्ट्यात दीड वर्षात फरक दिसू शकतो. पण पस्तीस टक्के असलेला मुलगा? त्याच्यावर औषध चालतं की नाही याचा हिशेब दुय्यम झाला. मान्यता देताना तिथल्या प्रशासनाने हा पट्टा अटीत घातला नाही, हे चांगलं केलं. उद्या आपल्याकडे पैसे कुणाला द्यायचे, कुणाला नाही, असा प्रश्न आला की फाइलवर पेन धरून बसलेल्या माणसाला असा आयता आकडा फार आवडतो. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेन आहे. मान्य केंद्रांमधून, मुंबईत केईएम आहे, रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद २०२२मध्ये झाली. जगातल्या नव्या औषधांच्या किमतीपुढे ही रक्कम लवकर संपते. म्हणजे निवड होणार. ती मांडीच्या टक्केवारीवर होऊ नये एवढं आत्ताच बोलून ठेवायला हवं.

आता घरातल्या प्रश्नाकडे. दर वर्षी पायांचा एमआरआय काढायचा का? हा निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांना विचारायचा प्रश्न मी सुचवते: या चित्रात काहीही आलं तरी तुम्ही उपचारात काय बदलणार? पायांच्या बाबतीत बहुधा उत्तर येईल, की काही नाही. स्टेरॉइड तेच, व्यायाम तोच, रात्रीचे स्प्लिंट तेच. मूल एखाद्या रीतसर चाचणीत असेल किंवा निदानच अडलं असेल तर गोष्ट वेगळी. हृदयाच्या एमआरआयचं मात्र उत्तर वेगळं आहे. इकोमध्ये दिसण्याआधी हृदयाच्या स्नायूतले व्रण त्यात दिसू शकतात, आणि त्यावरून औषधं ठरतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, की सहा-सात वर्षांनंतर, भूल न देता मूल स्थिर पडू शकत असेल तेव्हापासून हृदयासाठी एमआरआय हीच पसंतीची तपासणी, आणि दहाव्या वर्षापर्यंत हृदयाचं संरक्षक औषध सुरू करावं. एकच यंत्र. एका चित्राने संशोधकाला कळतं, दुसऱ्याने मुलाचं औषध बदलतं. आपल्याकडे पुष्कळदा पायांच्या चित्रावर पैसे संपतात आणि हृदयाचं राहून जातं.

भुलीचाही विषय निघाला आहे म्हणून सांगते. या मुलांना भूल देणं साधं नसतं; काही भुलीच्या औषधांनी स्नायू एकदम विरघळू लागतात आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. तेव्हा लहान मुलाला केवळ पायांच्या आकड्यासाठी झोपवायचं असेल, तर आधी भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव स्पष्ट सांगा, आणि खरंच गरज आहे का ते पुन्हा विचारा. मोठ्या मुलांची अडचण दुसरी. पाठीला बाक, गुडघे आखडलेले, श्वास अपुरा. त्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास सपाट पडून राहणं हीच त्यांना शिक्षा. त्यांना कुणी विचारतं का, तुला आत जायचंय का म्हणून? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बोलता येतं, बहुतेकदा त्याची बुद्धी शाबूत असते, आणि पुष्कळदा बोटांत ताकद इतर स्नायू गेल्यानंतरही राहते. ती बोटं मोबाइल चालवतात, चित्र काढतात, परीक्षेला लेखनिक घ्यायचा की नाही यावर आईशी भांडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्वतंत्रपणे घातलेलं आहे. त्या कायद्याने मागायच्या गोष्टी, शाळेतला रॅम्प, तळमजल्यावरचा वर्ग, लेखनिक, यांच्यासाठी लागतं ते प्रमाणपत्र. त्यासाठी दर वर्षीच्या स्कॅनची गरज नाही.

वेळ झाली, तिकडून खूण होते आहे. प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागे पाठवा. मागच्या रांगेतले ते व्हीलचेअरवरचे तरुण मघापासून हात वर करायचा प्रयत्न करतायत, त्यांना आधी द्या.